पेन्सिलच्या रेघा न पुसता विकलेलं घर

२०२४ च्या गोकुळाष्टमीला, २६ ऑगस्टला, बडोद्यात पावसानं जे धरलं ते सोडलंच नाही. आजवा तलाव भरला, विश्वामित्री नदी फुगली. शहरातल्या काळा घोडा पुलापाशी २५ फूट ही धोक्याची पातळी, तिथं नदी ३७ फुटांच्या वर गेली आणि करेलीबागेतल्या आमच्या टेनामेंटमध्ये, म्हणजे स्वतंत्र घरात, अडीच फूट पाणी भरलं. आई ७८ वर्षांची. दोन रात्री ती शेजारच्या दोन कुटुंबांबरोबर वरच्या खोलीत बसून होती. पाणी ओसरल्यावर मी वाघोडिया रोडवरून चिखल तुडवत पोचले, तर ती जिन्याखालच्या कोठीत उभी राहून भिंतीवर पेन्सिलनं रेघ ओढत होती. रेघेखाली तिनं तारीख घातली.

त्या भिंतीवर अशा रेघा आधीच्याही होत्या. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले, कुठलीही गोष्ट मोजून ठेवायचे. २००५ च्या पुराची रेघ नऊ इंचांवर, २०१९ ची चार इंचांवर. त्याच भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी वर गेलेली एक चीर आहे. आमच्या प्लॉटखाली काळी चिकण माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया थोडा थोडा हलवते. बाबांनी चीर जिथं संपते तिथं आडवी खूण करून तारीख लिहिली होती. पहिली १९९३ ची, मग १९९८, मग २००४. त्यानंतर २०१२ ला त्यांनी फक्त 'तेवढीच' असा एक शब्द लिहिला होता. ते २०२१ ला गेले.

पुरानंतर आईला खालच्या मजल्यावर एकटं ठेवायचं नाही हे दादानं पुण्याहून आणि मी इथून एकाच दिवशी ठरवलं. गणपती वरच्या खोलीत बसवले, विसर्जन झालं आणि घर विकायचं नक्की झालं. माझ्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट विकाऊ होता, तो आईसाठी घ्यायचा.

दलाल आला. घर हिंडून पाहिलं आणि ६२ लाख म्हणाला. मग कोठीत डोकावला आणि रेघा पाहून म्हणाला, "आ लीटा भूंसी नाखो बेन, घराक भडकशे." रेघा पुसा, गिऱ्हाईक बिचकेल. वर एक चांगला रंग मारा, हॉलला पीओपीचं सीलिंग करा, दिवे लावा, घर उठून दिसेल. मला ते पटलं. दिवाळी तोंडावर होती, मी ३८,००० रुपये देऊन खालचा मजला पुट्टी मारून रंगवून घेतला आणि २४,००० चं सीलिंग करून घेतलं. कोठी मात्र आईनं रंगवू दिली नाही. रंगारी पत्रा आणि ब्रश घेऊन दाराशी उभा आणि आई आत खुर्ची टाकून बसलेली.

होळीपर्यंत तो रंग उभा राहिला नाही. आधी जमिनीलगत फुगवटे आले, मग हात लावला की पोपडे निघायला लागले आणि आतून मिठासारखा पांढरा लोणा दिसायला लागला. पुराचं पाणी दिवसभर विटांत मुरलेलं असतं. ते बाहेर पडताना विटांतले, गिलाव्यातले क्षार बरोबर आणतं, आणि वर पुट्टीचा थर असला की त्यालाच ढकलून देतं. भिंत वरून कोरडी लागते, आतून महिनोन्महिने ओली असते. ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्यांना मी आता कळकळीनं सांगते: पहिल्या दिवाळीला रंग मारू नका. प्लास्टिकचा हातभर तुकडा घ्या, चारी बाजूंनी भिंतीला चिकटपट्टीनं घट्ट चिकटवा आणि एक दिवस तसाच ठेवा. आतल्या बाजूला दव धरलं तर भिंत अजून ओली आहे. हे मला दाहोदकडच्या कडियाकाकांनी दाखवलं. गवंड्याला इथं कडिया म्हणतात. मार्चमध्ये, म्हणजे सात महिन्यांनंतरही, आमच्या तिन्ही भिंतींवरच्या प्लास्टिकला दव धरलं.

त्या हिवाळ्यात नऊ कुटुंबं घर बघून गेली होती. प्रत्येक वेळी मी बरोबर होते, आणि घरी आल्यावर त्यांनी काय विचारलं ते डायरीत लिहून ठेवायचे. मार्चमध्ये ती पानं पुन्हा वाचली. नऊपैकी नऊ जणांनी विचारलं होतं, "बेन, पूरमां पाणी केटलुं भरायेलुं?" पुरात पाणी किती भरलं होतं? सहा जणांनी विचारलं, गटर उलटं आलं होतं का. पाच जणांनी मान वर करून वरच्या खोलीच्या छतावरचे पिवळे डाग पाहिले. चौघांनी लाइटीचं विचारलं, तिघांनी मूळ दस्तावेजाचं. सीलिंगबद्दल कोणी एक अक्षर काढलं नव्हतं. उलट एका आजीबाईंनी हॉल बुटका वाटतो म्हणून नाक मुरडलं होतं, आणि तो सीलिंगमुळेच बुटका झाला होता. घर दाखवताना मी लोकांना रंग दाखवत होते आणि लोक मला त्यांची भीती सांगत होते. मग एप्रिलपासूनचं सगळं काम मी त्या डायरीच्या क्रमानं केलं. जो प्रश्न जास्त वेळा आला तो आधी.

भिंती पहिल्या. खालच्या मजल्यावर जमिनीपासून चार फुटांपर्यंतचा गिलावा कडियाकाकांनी झोडून काढला. अडीच फूट पाणी आलं तर चार फूट कशाला, असं मी विचारलं. वीट पाणी वर ओढते, म्हणाले, आणि हातोडीच्या दांड्यानं ओल कुठवर चढली होती ते दाखवलं. विटा उघड्या ठेवून पाच आठवडे थांबलो. एप्रिल-मेचं बडोद्याचं ऊन, दारं-खिडक्या उघड्या, दोन टेबलफॅन. दर आठवड्याला विटांवर आलेला लोणा कोरड्या ब्रशनं झाडून काढायचा, पाणी लावायचं नाही. प्लास्टिकची परीक्षा पास झाल्यावरच वॉटरप्रूफिंगचं रसायन घातलेला सिमेंटचा गिलावा चढवला. याला ६४,००० लागले. आई त्या पाच आठवड्यांत माझ्याकडे होती आणि रोज संध्याकाळी विचारायची, "वाळल्या का गं भिंती?"

गटाराचं काम सगळ्यात स्वस्त पडलं आणि खरं सांगायचं तर सगळ्यात मोलाचं. पुरात दारातून पाणी येण्याच्या आधी ते संडासातून आलं होतं. रस्त्यावरची गटारलाइन भरली की पाणी उलट फिरून घरात चढतं. घराच्या शेवटच्या चेंबरनंतर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला की आतलं बाहेर जातं, बाहेरचं आत येत नाही. आत एक पाकळी असते, ती उलट दाबानं बंद होते. पाकळीत कचरा अडकला तर ती बंद होत नाही, म्हणून वर झाकण ठेवून पावसाळ्याआधी साफ करायची. हा व्हॉल्व्ह, नवीन चेंबर, गंजलेल्या पाइपांच्या जागी सीपीव्हीसीचे पाइप आणि खालच्या संडासात कमोड, सगळं मिळून ४६,०००. पुढं जे जे घर बघायला आले त्यांना मी ते झाकण उघडून दाखवलं. हॉलमधल्या नव्या रंगासमोर कोणी अर्धा मिनिट थांबलं नसेल, चेंबरपाशी मात्र माणसं वाकून बघायची.

वायरिंगला ७२,००० गेले. जुन्या वायरी १९८४ च्या, बाबांनी घर घेतलं तेव्हाच्या. आता दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, प्लगांना अडीच, एसी आणि गीझरला चार. खालचे सगळे प्लग जमिनीपासून साडेचार फुटांवर नेले, बोर्ड साडेपाच फुटांवर, आणि वरच्या मजल्याचं सर्किट वेगळं केलं, म्हणजे खाली पाणी असताना खालचं बंद करून वर दिवा आणि पंखा चालू ठेवता येतो. पुराच्या त्या दोन रात्री वर माणसं अंधारात बसली होती. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घातला. करंट जमिनीत गळायला लागला की तो त्या क्षणी खटका पाडतो. अर्थिंग नवं केलं. पाण्याची मोटर जमिनीवरून उचलून भिंतीतल्या लोखंडी ब्रॅकेटवर बसवली. उंचावरचे प्लग दिसायला विचित्र दिसतात, इलेक्ट्रिशियननंही तसं म्हटलं. पण घर बघायला आलेल्या एका बाईंनी ते का वर आहेत ते विचारलं नाही, त्यांना बघताक्षणी कळलं. त्यांच्या घरीही पाणी शिरलं होतं.

सोलरचा विचार केला होता. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० अनुदान आहे आणि बडोद्यात गच्चीगच्चीवर पॅनेल दिसतात. पण विकायच्या घरात पदरचा बाकी खर्च करायला मन झालं नाही. त्याऐवजी वायरिंग करतानाच गच्चीपासून मीटरपर्यंत एक रिकामा पाइप भिंतीतून टाकून ठेवला. नव्या माणसाला हवं तर भिंत न फोडता वायर ओढता येईल.

आता गच्ची. गच्चीबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण ते काम करून घेताना मला मनापासून आनंद झाला. वरच्या खोलीचं छत दर पावसाळ्यात दोन ठिकाणी गळायचं आणि बाबा दर मे महिन्यात भेगांत डांबर भरायचे. कडियाकाकांनी डांबर खरवडून काढलं, बादलीभर पाणी ओतलं आणि बिडी ओढत बघत बसले. पाणी मधोमध साचून राहिलं. उतारच नाही, म्हणाले, वर काय लावाल ते वायाच. मग विटांच्या तुकड्यांचा कोबा करून पाणी जाण्याच्या नळीकडे उतार काढला, शंभर फुटांना एक फूट या हिशेबानं. कठड्याच्या बुडाशी गोलाई दिली, कारण पाणी मुरतं ते तिथल्या काटकोनात. त्यावर चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या टाइल्सचे तुकडे. मोरबीच्या कारखान्यांत फुटलेल्या टाइल्सचा माल गुजरातभर मिळतो. काका आणि त्यांच्या घरच्या दोन बाया तीन दिवस उकिडव्या बसून एकेक तुकडा ओल्या सिमेंटमध्ये थापीनं ठोकत होत्या. एकावर एक तुकडा नाही, दोहोंत बोटभर सांध नाही. दहा दिवस पाणी मारलं, मग नळीला बोळा घालून दोन दिवस गच्चीवर पाणी भरून ठेवलं. खाली मी दर तासाला छताकडे बघत होते. एक थेंब नाही. ६२० चौरस फुटांना ९५ रुपयांप्रमाणे ५८,९०० झाले. पांढरी गच्ची ऊन परतवते. मेच्या अखेरीला दुपारी वरच्या खोलीत बसता यायला लागलं, जे माझ्या लहानपणापासून कधी जमलं नव्हतं.

स्वयंपाकघरात ओट्याचा ग्रॅनाइट चांगला होता, तो तसाच ठेवला. खालची प्लायची कपाटं फुगली होती, ती काढून कडप्प्याचे कप्पे आणि ॲल्युमिनियमची दारं केली. लोक मॉड्युलर किचनला दोन-तीन लाख घालतात. विकायच्या घरात ते करू नये असं माझं ठाम मत आहे, कारण घेणारी बाई स्वयंपाकघर आपल्या हातानं लावते. खालची कोटा फरशी मशीननं घासून पॉलिश करून घेतली, ७०० फूट, फुटाला २२ रुपये. फरशी बदला असं दलाल म्हणत होता. ४० वर्षांची कोटा फरशी घासल्यावर अशी निळसर-हिरवी उजळली की आई अनवाणी फिरून बघत राहिली. सागवानी दारांना पॉलिश, फाटकाला आणि ओटल्याला हलकी डागडुजी, आणि सगळ्यात शेवटी, जूनमध्ये, रंग. सगळा मिळून खर्च ३,७९,८००, त्यात हॉलचं ते सीलिंगही आलं. दिवाळीचा वाया गेलेला रंग वेगळा.

कागदपत्रांना पैसे फारसे लागले नाहीत, चकरा लागल्या. मूळ दस्तावेज खालच्या कपाटात होता आणि भिजला होता. पुरानंतर त्याचं एकेक पान वर्तमानपत्रात घालून, पंख्याखाली, वजनाखाली ठेवून वाळवलं होतं. अक्षरं वाचता येत होती, शिक्का पसरला होता. बँकेचं कर्ज घेणारा माणूस अशा कागदाला घाबरतो. म्हणून सब-रजिस्ट्रारकडून प्रमाणित नक्कल आणि इंडेक्स-२ काढून आणलं. बाबांनंतर वारसाईची नोंद झाली होती, पण दादाचा आणि माझा हक्क कमीचा दस्तावेज, म्हणजे आमचा वाटा आईसाठी सोडल्याचा कागद, राहिला होता, तो केला. प्रॉपर्टी कार्डावर आईचं एकटीचं नाव आलं. वेऱ्याचं म्हणजे घरपट्टीचं बिल, लाइटबिल, गॅसबिल, तिन्हींवर एकच नाव आणि एकच स्पेलिंग करून घ्यायला दोन महिने गेले. मंजूर नकाशा माळ्यावरच्या ट्रंकेत कोरडा सापडला. गिलावा करण्याआधी भिंतीतल्या पाइपांचे आणि वायरींचे मी मोबाइलवर फोटो काढले होते, तेही छापून एका फाइलमध्ये लावले, बिलांसकट.

जुलैमध्ये घर पुन्हा दाखवायला काढलं. दलाल म्हणाला, पाऊस थांबू दे. आम्ही मुद्दाम पावसातच लोकांना बोलावलं. त्या उन्हाळ्यात विश्वामित्रीचं पात्र रुंद करायचं, गाळ काढायचं मोठं काम झालं होतं, त्यामुळे लोकांच्या मनातली धास्ती थोडी उतरली होती, हेही खरं आहे.

ज्यांनी घर घेतलं ते नवरा-बायको तिसऱ्या खेपेला नवऱ्याच्या भावाला घेऊन आले. भाऊ सिव्हिल इंजिनीअर. बाहेर धो धो पाऊस. त्यानं वर जाऊन छताला हात लावून पाहिलं, चेंबर उघडलं, बोर्ड उघडला आणि मग कोठीत शिरला. चीर पाहून त्याचा चेहरा बदलला. मी काही बोलणार तेवढ्यात आई मागून म्हणाली, "बॅटरी लावून नीट बघ बाळ, तारखा आहेत." त्यानं मोबाइलचा उजेड पाडला. १९९३. १९९८. २००४. २०१२, तेवढीच. त्याखाली आईच्या हातची २०२४, पुरानंतरची, आणि चीर त्या खुणेच्या एक केसही पुढं गेलेली नव्हती. मग त्यानं पुराच्या तिन्ही रेघा खिशातल्या टेपनं मोजल्या. बराच वेळ तो उकिडवा बसून होता. उठून वहिनीला गुजरातीत म्हणाला की ही चीर वीस वर्षं हललेली नाही, आणि पाणी किती येतं ते या घरात लिहिलेलं आहे, दुसऱ्या घरांत ते आपल्याला कोण सांगणार?

तोवर मी मनात आईशी थोडी भांडतच होते. त्या कोठीला रंग दिला असता तर आधीच्या नऊंपैकी एखाद्यानं घर घेतलं असतं असं मला वाटत असे. त्या दिवशी ते भांडण मिटलं.

७१ लाखांत ठरलं. बानाखत, म्हणजे विक्रीचा करार, झाला, डिसेंबरमध्ये दस्तावेज. त्यांनी घर वहिनींच्या एकट्यांच्या नावावर घेतलं. गुजरातमध्ये बाईच्या नावानं घेतलं की एक टक्का नोंदणी फी माफ असते, त्यांचे ७१,००० वाचले, ४.९ टक्के स्टँप ड्यूटी मात्र भरावीच लागते. किंमत ५० लाखांच्या वर असल्यानं त्यांनी एक टक्का टीडीएस कापून आईच्या पॅनवर भरला.

करासाठी सीएकडे गेलो तेव्हा बिलांच्या फाइलचा उपयोग झाला, पण मला वाटला होता तेवढा नाही. घर २००१ च्या आधीचं, म्हणून १ एप्रिल २००१ ची किंमत व्हॅल्युअरकडून काढून घेता येते. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला महागाईचा निर्देशांक लावून २० टक्के किंवा न लावता साडेबारा टक्के, यातला कमी कर भरायची मुभा आहे. घरात कायमची भर घालणारं काम सुधारणेच्या खर्चात धरतात: नवं वायरिंग, गच्ची, व्हॉल्व्ह आणि पाइपलाइन. रंग आणि पॉलिश ही दुरुस्ती. ती धरत नाहीत. रोखीनं, कच्च्या चिठ्ठीवर केलेली कामं तर आम्हाला विसरावीच लागली, आणि कडियाकाकांचं अर्धं काम तसंच होतं. आईनं नफ्याची रक्कम दोन वर्षांच्या आत फ्लॅटमध्ये घातल्यामुळे कलम ५४ खाली कर शेवटी लागला नाही. पण प्रत्येक मजुरीची सही केलेली पावती मी पहिल्या दिवसापासून घ्यायला हवी होती.

चाव्या द्यायला आई आणि मी गेलो. वहिनींचा रंगारी आधीच आलेला होता, त्यांना हॉल पिस्ता रंगाचा हवा होता, आणि हॉलमधलं सीलिंग उतरवून एका कोपऱ्यात रचलेलं होतं. रंगारी पत्रा घेऊन कोठीकडे निघाला, तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "ए भाई, ए रूम रहेवा देजो." आईनं पदराच्या गाठीतून पेन्सिलचा तो तुकडा काढला आणि कोठीतल्या खिळ्याला लटकणाऱ्या दोऱ्याला परत बांधला.